जुळलं म्हणजे खरं का?

सूर्याकडून येणारं आणि पृथ्वीकडून अवकाशात परत जाणारं प्रारण दोन रस्त्यांनी कळतं. एक रस्ता उपकरण लावून मोजण्याचा. दुसरा, हवेतले वायू, ढग, धूळ आणि तापमान यांची माहिती घेऊन संगणकावर हिशोब मांडण्याचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की बहुधा फरक निघतो. तो कुणाच्या नावावर टाकायचा, यावरून एका घरात झालेला हा वाद. मामा पुण्याच्या वेधशाळेत उपकरणांवर काम करून निवृत्त झालेले. त्यांची भाची सई वातावरणातल्या प्रारणाच्या मॉडेलवर संशोधन करते.

मामा: सई, तुमचा तो आलेख पाहिला. मॉडेलची रेघ ठळक, अखंड. आणि निरीक्षणं बिचारी ठिपके होऊन तिच्याभोवती सांडलेली. बघणाऱ्याला वाटावं, रेघ बरोबर आणि ठिपके चुकलेत.

सई: आलेख तसेच काढतात रे. पण ठिपका चुकूच शकत नाही, असं म्हणायचंय का तुला?

मामा: चुकेल की. पण ठिपका निदान हवेत जाऊन आलेला असतो. तुमची रेघ खोलीबाहेर पडलेली नसते.

सई: बरं, मग तुझ्याच गच्चीवरचा पायरॅनोमीटर घेऊ. काचेच्या घुमटाखाली काळी चकती, आकाशभरातून येणारं ऊन मोजते. रात्री तो काय दाखवतो?

मामा: शून्याच्या जरा खाली. निरभ्र रात्री दर चौरस मीटरला उणे दोन-चार वॅट.

सई: म्हणजे रात्री आकाश जमिनीकडून ऊन परत घेतं?

मामा: थट्टा नको. घुमट आकाशाकडे उष्णता गमावून थंड होतो, आतली चकती त्याच्यापेक्षा उबदार राहते आणि घुमटाला उष्णता देते. शून्य सरकतं. उपकरणं हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं.

सई: रात्रीचं ठाऊक होतं. पण दिवसाही घुमट आकाशाकडे पाहतच असतो ना? 1990च्या दशकात निरभ्र आकाशातला विखुरलेला प्रकाश मोजला, तेव्हा तो मॉडेलपेक्षा कमी भरत होता. बोट आधी मॉडेलकडे गेलं. हवेत कुठलं तरी शोषण होतंय, ते या लोकांनी धरलेलंच नाही, असं म्हणू लागले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काही नोंदी रॅलेच्या नियमानं नुसत्या स्वच्छ हवेचे रेणू जेवढा प्रकाश विखुरतात, त्याच्याही खाली आहेत. हवेत धूळ असली तर हा प्रकाश सहसा वाढतो. रेणू तर हवेतून काढून टाकता येत नाहीत. म्हणजे ती नोंद निसर्गात अशक्य होती. दोष निघाला घुमटाच्या थंडाव्यात. ज्या उपकरणांत हा दोष कमी, त्यांचे आकडे हिशोबाच्या बरेच जवळ आले.

मामा: मान्य. हिशोबानं उपकरणाची चूक पकडली. पण ती का पकडता आली, ते बघ. त्या जागी भौतिकीचा खालचा काठ पक्का होता. जिथे काठ नाही, तिथे मॉडेलला कोण पकडणार? तुम्ही एकमेकांची मॉडेलं तपासता, आणि ती आपसात जुळली की खूश होता.

सई: हा आक्षेप आमच्याच लोकांनी आधी घेतलाय. 1980च्या दशकात जगभरच्या प्रारण-मॉडेलांची मोठी तुलना झाली. सगळ्यांना हवेचे तेच नमुने दिले: इतकं तापमान, इतकी वाफ, इतका कार्बन डायऑक्साइड. उत्तरं काय येतात बघू, म्हणाले. हवामानाच्या मोठ्या मॉडेलांत वापरायच्या झटपट पद्धतींची उत्तरं एकमेकांपासून बरीच लांब गेली.

मामा: आणि सविस्तर पद्धतींची?

सई: ती छान जुळली. त्या पद्धतीत प्रत्येक रेणूची प्रत्येक शोषण-रेषा वेगळी धरतात. कोणता रेणू कोणत्या तरंगलांबीवर किती शोषतो, याची यादी 'हायट्रॅन' नावाच्या कोशात असते. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेनं तो 1973 मध्ये पहिल्यांदा दिला, आणि तेव्हापासून तो वाढतोच आहे. हवेचे थर करायचे, दाबानुसार रेषा किती रुंदावते ते काढायचं आणि थरामागून थर बेरीज करत वर किंवा खाली जायचं. पण तुलनेच्या निष्कर्षात स्पष्ट लिहिलं होतं की ही सविस्तर मॉडेलं आपसात जुळली म्हणून ती खरी ठरत नाहीत. सगळी एकाच कोशावर उभी आहेत. वाफेच्या रेषांच्या दूरवर पसरलेल्या कडांचं शोषण सगळेच जवळपास एकाच अंदाजानं धरतात. तेव्हा बाहेर जाऊन तरंगलांबीनिहाय मोजा, आणि त्याच वेळी हवेची स्थितीही मोजा.

मामा: हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे मोजणीची पायरी तुम्ही स्वतःहून मागितलीत. आता माझी गोष्ट ऐक, पुण्याची आहे. 1932 मध्ये इथे कृषी-हवामानाचा विभाग निघाला. एल. ए. रामदास त्याचे प्रमुख. त्याच वर्षी त्यांनी आणि आत्मनाथन यांनी एक विचित्र निरीक्षण छापलं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळ्यात थंड काय असतं?

सई: पुस्तकात जमीन. ती आकाशाकडे प्रारण सोडून निवते, तिच्यामुळे लगतची हवा निवते, वर जाऊ तसं तापमान वाढतं.

मामा: रामदासांच्या तापमापकांनी वेगळं सांगितलं. सगळ्यात थंड थर जमिनीवर नव्हता, वीतभर ते हातभर वर होता. तिथली हवा खालच्या जमिनीपेक्षा काही अंशांनी गार. आता हे भौतिकीला आवडणारं नाही. वर थंड, जड हवा आणि खाली उबदार, हलकी. ती ढवळून एकजीव व्हायला हवी. होत नाही. पुष्कळ विद्वान म्हणाले, तापमापकाची गफलत असेल. उघडा तापमापक स्वतःच आकाशाकडे प्रारण सोडून हवेपेक्षा गार होतो, हे खरंच आहे. कुणी म्हणालं, बाजूनं थंड हवा सरकून येत असेल.

सई: शंका रास्त होत्या.

मामा: होत्या. म्हणून तर 1950च्या दशकात राश्के नावाच्या जर्मन संशोधकानं पुण्यातच, उघड्या जमिनीवर, फार काळजीनं पुन्हा मोजलं. इंग्लंडमध्येही मोजणी झाली. थंड थर होताच. वीस-पंचवीस वर्षं सिद्धांत म्हणत होता की असं होणं शक्य नाही, आणि ठिपके म्हणत होते की होतंय. बरोबर कोण ठरलं?

सई: ठिपके. पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि पुढचा भाग तुझ्या बाजूचा आहे असं मला वाटत नाही.

मामा: सांग.

सई: 1990च्या सुमारास बंगळूरला रोद्दम नरसिंह यांनी हा प्रश्न हातात घेतला. वासुदेव मूर्ती आणि जे. श्रीनिवासन यांच्याबरोबर त्यांनी 1993 मध्ये सविस्तर सिद्धांत दिला. गाभा असा: जमीन पूर्ण काळी नसते. ती आकाशातून आलेलं थोडं अवरक्त प्रारण परत उलटवते. तिच्या या उणिवेमुळे लगतच्या हवेचा प्रारणाचा जमाखर्च बिघडतो आणि हवा जमिनीपेक्षा वेगानं निवते. त्यांच्या मॉडेलमधून थंड थर बाहेर आला, साधारण तितक्याच उंचीवर. रामदासांचं कोडं सुटलं, असं वाटलं.

मामा: वाटलं म्हणजे?

सई: 2010 नंतर बंगळूरच्याच जवाहरलाल नेहरू प्रगत विज्ञान संशोधन केंद्रातल्या गटानं दाखवून दिलं की त्या हिशोबात एक खोट होती. मॉडेल सगळ्या तरंगलांबींची सरासरी धरत होतं. जमिनीतून स्वतः निघालेलं प्रारण आणि आकाशातून येऊन जमिनीवरून उलटलेलं प्रारण, या दोघांचा वर्णपट सारखा नसतो. उलटलेल्या प्रारणाला हवेची खूण आधीच लागलेली असते. ज्या तरंगलांबीवर हवा शोषते, त्याच तरंगलांबीवर ती खाली पाठवतही असते. सरासरीत हा भेद पुसला गेला, आणि जमिनीलगत खोटा, भलताच तीव्र थंडावा तयार झाला. तरंगलांबीनिहाय हिशोब केला की तो थंडावा नाहीसा होतो.

मामा: थांब. म्हणजे मॉडेल निरीक्षणाशी जुळलं होतं, आणि तरी चूक होतं?

सई: हो. जुळलं, पण भलत्या कारणानं.

मामा: मग रामदासांचा थर येतो कुठून?

सई: त्याच गटानं मैदानात आणि प्रयोगशाळेत मोजणी केली. कारण निघालं जमिनीलगतच्या हवेत तरंगणारे सूक्ष्म कण. ते खाली दाट आणि वर विरळ असतात, आणि शुद्ध हवेपेक्षा अवरक्तात जास्त प्रारण सोडतात. कण हिशोबात घेतले की जमिनीलगतच्या हवेचं जादा निवणं समजतं. रामदासांनी तापमान मोजलं होतं. धूळ कुणी मोजली नव्हती, आणि मॉडेलमध्येही ती नव्हती. ऐंशी वर्षं वाद चालला तो तापमापक विरुद्ध सिद्धांत असा, आणि कळीची गोष्ट दोघांच्याही यादीत नव्हती.

मामा: हे मात्र निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला कळायला हवं. पारा किती उतरला ते आपण उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरच्या झडपांच्या पेटीतून सांगतो, आणि रात्रीचा खरा गारठा खाली गुडघ्याशी दबा धरून असतो. पण तुझा मुद्दा मला जरा अडचणीचा आहे. मोजणी आणि मॉडेल जुळलं तरी भरवसा नाही, नाही जुळलं तरी कोण चूक ते कळत नाही. मग ही तुलना करायची कशाला?

सई: जुळण्यासाठी करायचीच नाही. दुकानाच्या वहीत दोन चुका एकमेकींना खाऊन बेरीज बरोबर येते, तसं प्रारणात सतत होतं. एका पट्ट्यात दोन वॅट जास्त, दुसऱ्यात दोन वॅट कमी, आणि एकूण आकडा चोख. म्हणून एकूण आकड्याच्या जुळण्याला मी फार किंमत देत नाही. फरक नेमका कुठे आहे ते बघते. कुठल्या तरंगलांबीवर, कुठल्या उंचीवर, कुठल्या ऋतूत, दिवसा की रात्री. फरकाला आकार असतो, आणि त्या आकारावरून आरोपी ओळखता येतो.

मामा: एखादा ओळखलेला आरोपी दाखव.

सई: अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात लॅमाँट गावाजवळ शेतांमध्ये एक मोठं निरीक्षण केंद्र आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं ते 1990च्या दशकात उभारलं. मघाशी सांगितलेल्या तुलनेत जी मागणी झाली होती, तिला दिलेलं उत्तरच म्हण. तिथे जमिनीवर एक वर्णपटमापी आकाशाकडे तोंड करून बसतो आणि खाली येणारं अवरक्त प्रारण हजारो तरंगलांबींमध्ये फोडून मोजतो.

मामा: कॅलिब्रेशन?

सई: हा प्रश्न तू विचारणार हे मला माहीत होतं. दर काही मिनिटांनी तो आकाशावरून नजर काढून दोन काळ्या पोकळ्यांकडे बघतो. एक साधारण 60 अंश सेल्सियसला तापवलेली, दुसरी भोवतालच्या तापमानाची. दोन्हींचं तापमान पक्कं ठाऊक असतं. चूक एक टक्क्याच्या आत.

मामा: उत्तम. आणि मॉडेलला हवेची स्थिती कोण सांगतं?

सई: फुगा. त्याच केंद्रातून रेडिओसाँड सोडतात, तो वर जाताना तापमान, दाब, आर्द्रता कळवतो. ते आकडे सविस्तर मॉडेलला द्यायचे, वर्णपट काढायचा आणि मोजलेल्या वर्णपटातून वजा करायचा. वर्षानुवर्षं, शेकडो निरभ्र वेळांसाठी हे केलं. 8 ते 12 मायक्रॉनच्या खिडकीत, जिथे हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते, तिथे फरक उरत होता. आणि तो कधी मोठा, कधी लहान, कुठल्याच एका रेषेत न बसणारा.

मामा: मॉडेलमधलं वाफेचं शोषण चुकीचं असतं, तर फरक वाफेबरोबर शिस्तीनं वाढला असता.

सई: अगदी बरोबर. हा विस्कळीत होता. मग जवळच्याच सूक्ष्मतरंग रेडिओमीटरकडे बघितलं. तो डोक्यावरच्या सगळ्या हवेतली वाफ एकदम मोजतो, उंचीनिहाय नाही, पण एकूण भरवशाची. फुग्याची वाफ त्याच्याशी ताडली तर फुगा सरासरीनं पाचेक टक्के कोरडं सांगत होता, आणि एका खेपेत बनलेले फुगे दुसऱ्या खेपेतल्यांपेक्षा वेगळं सांगत होते. कारण सापडलं ते वेष्टनात. संवेदक बंद पाकिटात महिनोन्‌महिने पडून राहायचा, पाकिटातल्या सामानातून सुटणारे इतर रेणू त्याच्यावर बसायचे, आणि पाण्याच्या रेणूंना जागा कमी उरायची. फुग्याची आर्द्रता रेडिओमीटरला जुळवून घेतली आणि फरकाचा विस्कळीतपणा एकदम ओसरला. जो थोडा शिस्तबद्ध फरक उरला, तो मात्र खरोखर मॉडेलचा होता. त्यावरून वाफेचं शोषण सुधारलं.

मामा: म्हणजे प्रारण मोजणारं उपकरण ठीक, मॉडेल जवळपास ठीक, आणि फितूर तिसराच.

सई: प्रारण मोजण्याच्या आणि मांडण्याच्या मधे नेहमी हा तिसरा असतो: हवेचं वर्णन. रामदासांच्या थरात धूळ, ओक्लाहोमात वाफ. आपण भांडतो दोघं, आणि तो बाजूला बसून असतो.

मामा: पण तुमच्या पंथाला हवी तीच उदाहरणं तू काढतेस. ढगांचं का नाही काढलंस? 1995 मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात तीन लेख आले होते. आपल्याकडून गेलेले वीरभद्रन रामनाथनही त्यात होते. मोजणी म्हणत होती, ढग मॉडेलपेक्षा खूप जास्त ऊन शोषतात. जगाची सरासरी धरली तर दर चौरस मीटरला 25 वॅटच्या आसपास. एवढी ऊर्जा तुमच्या मॉडेलांना गवसलीच नव्हती!

सई: काढणारच होते, कारण ते तुझ्या पंथासाठी फार उपयोगी आहे. ढगानं किती शोषलं ते थेट मोजता येत नाही. ढगाच्या वर किती आलं-गेलं आणि खाली किती आलं-गेलं, हे मोजून वजाबाकी करतात. मोठ्या आकड्यांतून मोठे आकडे वजा करून लहान आकडा काढायचा. वरच्या उपकरणात दोन टक्के इकडेतिकडे झाले तर सगळं शोषण तिथेच हरवतं. शिवाय ढग काही आडवा, अखंड पत्रा नसतो. त्याच्या कडांतून प्रकाश बाजूला निसटतो. खालच्या विमानाला तो दिसत नाही, वजाबाकीत मात्र तो 'शोषला' म्हणून जमा होतो.

मामा: विमानं एकावर एक उडवली होती ना?

सई: हो, 1995 मध्येच ओक्लाहोमावर. त्यातून आधी जादा शोषणाला दुजोराच निघाला. म्हणून 2000 मध्ये मोहीम पुन्हा केली. या वेळी विमानावर वेगवेगळ्या गटांचे रेडिओमीटर शेजारी शेजारी बसवले, म्हणजे एका उपकरणाची सवय पुराव्यात शिरू नये. मोजणी आणि मॉडेल सुमारे 10 टक्क्यांच्या आत आले. 25 वॅटचं गूढ शोषण तिथे सापडलं नाही.

मामा: मग रामनाथन चुकले म्हणायचं?

सई: इतकं सोपं नाही. वातावरणात मॉडेलांनी धरलंय त्याहून जास्त शोषण असू शकतं, हा संशय त्यांनी सोडला नाही, आणि तो दुसऱ्या जागी खरा ठरला. 1999 मध्ये हिंदी महासागरावर मोठी मोहीम झाली. मालदीवमधल्या काशिधू बेटावर केंद्र, विमानं, जहाजं. भारताचं 'सागर कन्या'ही होतं. उपखंडावरून हिवाळ्यात समुद्रावर जाणारी तपकिरी धुरकट हवा मोजली. त्या धुरकटामुळे समुद्राच्या पृष्ठावर पोचणारं ऊन जितकं घटलं, ते वातावरणाच्या माथ्यावरच्या बदलाच्या तिपटीच्या आसपास होतं. मधली ऊर्जा हवेतच अडकत होती, काजळीत. शोषण होतं. पण ते ढगांच्या पाण्यात नव्हतं. चुलींच्या, वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरात होतं.

मामा: म्हणजे पुन्हा धूळ.

सई: पुन्हा धूळ. तीही कुठे किती काळी, किती उंचीवर, हे कळेपर्यंत मॉडेलला दोष देण्यात अर्थ नव्हता.

मामा: एक गोष्ट तुला कबूल करायला हवी. या प्रत्येक वेळी वादाचा निकाल नव्या मोजणीनं लागला. राश्के, सूक्ष्मतरंग रेडिओमीटर, 2000ची विमान-मोहीम, काशिधू. मॉडेलनं संशय घेतला असेल. निकाल दिला उपकरणानं.

सई: निकाल दिला दुसऱ्या, स्वतंत्र उपकरणानं. तेच एक उपकरण शंभर वेळा लावून निकाल लागला नाही. आणि उपकरण कुठे लावायचं, कोणत्या तरंगलांबीत बघायचं, हे मॉडेलनंच सांगितलं. बरं, आता तुझी शुद्ध मोजणी घेऊ. पृथ्वीवर येणारी आणि इथून जाणारी ऊर्जा यांच्यातला फरक. उपग्रहांवरची उपकरणं 2000 सालापासून तो मोजतात. सूर्याकडून दर चौरस मीटरला सरासरी 340 वॅट येतात, सुमारे 100 उलटतात, 240च्या आसपास अवरक्तात बाहेर जातात. बाकी किती?

मामा: फार थोडी. एक वॅटच्या आसपास.

सई: उपग्रहांच्या कोऱ्या नोंदींतून बाकी येते 4 वॅटांहून जास्त. तेवढी ऊर्जा खरोखर साठत असती, तर समुद्र कितीतरी वेगानं तापला असता. कॅलिब्रेशनमधली एक टक्क्याच्या आतबाहेरची चूकही इथे पुरेशी असते. मग काय करतात? समुद्रात सोडलेले आर्गो तरंगक हजारो ठिकाणी पाण्याचं तापमान मोजतात. त्यांच्यावरून 2005 ते 2015 या दशकासाठी बाकी निघाली 0.71 वॅट. उपग्रहांचे आकडे त्यांच्या अनिश्चिततेच्या मर्यादेत थोडे सरकवून या बाकीला बसवतात. प्रसिद्ध होणारा 'मोजलेला' आकडा हा असा असतो.

मामा: यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रत्येक मोजणी अशीच कुठल्या तरी मापाला बांधलेली असते. आपल्या उन्हाच्या मोजणीचं माप स्वित्झर्लंडमध्ये दावोसला आहे. दर पाच वर्षांनी देशोदेशीची प्रमाण उपकरणं तिथे नेऊन एकाच सूर्याकडे रोखतात. पुण्याचं केंद्र आशियातल्या प्रादेशिक केंद्रांपैकी एक. त्याचं माप दावोसहून येतं आणि पुण्याहून देशभर जातं. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, 1957-58 मध्ये, अण्णा मणी यांनी देशात प्रारण केंद्रांचं जाळं उभारलं. शंभरेक हवामान उपकरणांचे प्रमाण आराखडे त्यांनी करून घेतले. त्यांचा सगळा आग्रह याच गोष्टीचा होता, की चेन्नईचा वॅट आणि जोधपूरचा वॅट एकच असला पाहिजे. तुमच्या मॉडेलला असं दावोस आहे का?

सई: नाही, आणि हा आमचा कच्चा दुवा आहे. पण उपग्रहांच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग ऐक. एकूण बाकी किती, हे उपग्रहांना स्वतःच्या बळावर सांगता येत नाही. ती वाढतेय की घटतेय, हे सांगता येतं, कारण उपकरणं चुकत असली तरी वर्षानुवर्षं बहुतांश तशीच चुकतात. 2005 ते 2019 या काळात ती बाकी जवळपास दुप्पट झाली, असं उपग्रहांनी दाखवलं. समुद्रातल्या मोजणीतूनही वाढीचा तोच वेग निघाला. सरासरी उसनी घेतली होती. कल मात्र दोघांनी आपापला काढला. म्हणून या जुळण्यावर मी विश्वास ठेवते.

मामा: आता तू कामाचं बोललीस. ज्या जागी दोन बाजूंनी एकमेकींकडून काही उसनं घेतलेलं नाही, तिथलं जुळणं मोलाचं.

सई: त्याच कसोटीवर दुसरं एक जुळणं बघ. ओक्लाहोमा आणि अलास्काच्या उत्तर टोकावरचं केंद्र, दोन्हीकडच्या वर्णपटमापींच्या 2000 ते 2010 च्या नोंदी घेतल्या. त्या दशकात हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांमागे 22 भागांनी वाढला होता. तापमान आणि वाफेचा परिणाम वेगळा काढून, फक्त त्याच्या पट्ट्यांत खाली येणारं प्रारण किती वाढलं ते पाहिलं. दर दशकाला 0.2 वॅट, दोन्ही जागी. आणि हे सिद्धांताच्या अपेक्षेप्रमाणेच. 2015 मध्ये 'नेचर'मध्ये ते आलं. एकूण प्रारणात 0.2 वॅट कुणाला दिसलाच नसता. तो ढगांत आणि वाफेत बुडून गेला असता. तरंगलांबीनिहाय बघितलं म्हणून दिसला.

मामा: 'वाफेचा परिणाम वेगळा काढून' हे तू पटकन म्हणून गेलीस. तो मॉडेलनं काढला ना?

सई: मॉडेलनंच. पण ज्या मॉडेलची वाफ आधी दहा-बारा वर्षं ओक्लाहोमाच्या त्याच केंद्रावर, त्याच उपकरणाशी, फुग्यांच्या भानगडीसकट घासून घेतली होती, त्यानं. एरवी मीही तो आकडा मानला नसता.

मामा: ठीक. मग आपल्यात भांडण उरलं कुठे? मला वाटतं इथे: पैसा एकाच गोष्टीला असेल, तर मी शंभर नवी निरीक्षण केंद्रं मागेन. तू?

सई: मी वीस मागेन, पण प्रत्येकात प्रारणाबरोबर वाफ, धूळ आणि ढग एकाच वेळी मोजलेले हवेत. नुसतं प्रारण मोजणारी शंभर केंद्रं मला फक्त सांगतील की फरक आहे. का आहे, ते सांगणार नाहीत.

मामा: वीस केंद्रांत कोकणचा पावसाळा, मराठवाड्याची धूळ आणि दिल्लीचं धुकं एवढं सगळं येत नाही. मोजणीत विस्तारही लागतो. तुझ्या वीस केंद्रांच्या मधल्या जागेत मॉडेलच राज्य करणार, आणि तिथे त्याला पकडायला कुणी नसणार.

सई: आणि तुझ्या शंभर केंद्रांत फुगा कोरडं सांगतोय हे कुणाला कळणार नाही.

मामा: यावर आपलं एकमत व्हायचं नाही. पण एक अट दोघांनी पाळू. मॉडेल आणि मोजणी ताडून बघण्याआधी तू कागदावर लिहून ठेवायचं, की किती फरक आला आणि तो कसा असला तर मी मॉडेल बदलेन. नंतर ठरवलं की माणूस फरकाला हवं ते कारण शोधतो.

सई: कबूल. आणि तूही लिहायचंस, की किती फरक आला तर मी गच्चीवर जाऊन उपकरण उतरवेन आणि तपासायला पाठवेन. दोन्ही आकडे आधी ठरलेले असले, तर ताडणीनंतर जे होईल त्याला पुरावा म्हणता येईल. नाहीतर ती दोन पक्षांची तडजोड होईल, आणि तडजोडीत वाफ आणि धूळ पुन्हा दोघांच्याही यादीतून सुटतील.